दिगंबररावांचा कुंभक

दिगंबर निगडे यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, आणि हा आपला दोष असावा अशी शंकासुद्धा त्यांना साठी गाठेपर्यंत शिवली नव्हती. याला कारण त्यांची नोकरी. स्वारगेटच्या शहर बस डेपोत ते तेहतीस वर्षं टाइमकीपर होते, म्हणजे खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता सुटली नि किती वाजता आली ते वहीत लिहायचे. उशिरा आलेला ड्रायव्हर खिडकीशी यायचा, घाम पुसायचा आणि सुरुवात करायचा, "साहेब, काय झालं माहितीय का, दांडेकर पुलापाशी..." काय झालं ते दिगंबररावांना माहीत नसायचं आणि करून घ्यायचंही नसायचं. वहीत कारणासाठी रकाना होता, पण तो अर्ध्या बोटाचा. पुण्याची वाहतूक अर्ध्या बोटात कुठून मावणार? तेव्हा ते मान वर न करता म्हणायचे, "कारण नको, वेळ सांग."

चपला दाराबाहेर काढतात तशी ही सवयही बाहेर काढून घरात यायला हवं होतं. ते जमलं नाही. नळ का गळतो ते प्लंबर समजावू लागला की, "कारण नको, कधी येतोस ते सांग." मुलगी भाग्यश्री कॉलेजातून उशिरा आली की तेच. तिच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या तेजसच्या वडिलांनी घराण्याची माहिती द्यायला सुरुवात केली, तर दिगंबरराव म्हणाले, "प्रस्तावना राहू द्या, तारीख सांगा." व्याही सभ्य गृहस्थ, त्यांनी तारीख सांगितली. आणि सुशीलाबाईंनी, म्हणजे दिगंबररावांच्या पत्नीने, चौतीस वर्षांच्या संसारात हजारो वाक्यं सुरू केली. त्यांतलं पूर्णविरामापर्यंत पोहोचलेलं एकही त्यांना आठवत नसे.

निवृत्तीनंतर दुखणं चिघळलं. खिडकी गेली, वही गेली, आतला टाइमकीपर मात्र ठणठणीत होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभालाही काही झालं नव्हतं. धायरीच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर वेळापत्रक लागलं. चहा सहा दहा, नाश्ता आठ पाच, जेवण साडेबारा. सुशीलाबाईंनी दोन वर्षं तेही चालवून घेतलं. मग एका गुरुवारी पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "अहो, काल भाग्यश्रीचा फोन आला होता. ती म्हणत होती की तेजसच्या ऑफिसात..."

"कारण नको," दिगंबरराव पेपरातून म्हणाले, "कधी येतेय ते सांग."

सुशीलाबाईंनी तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला, लाटणं धुऊन जागेवर ठेवलं. आत जाऊन पिशवी भरली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कारण नको म्हणता ना? मग वेळच सांगते. अकरा चाळीस. निघाले."

दिगंबररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अकरा बेचाळीस."

हे ते खरोखर म्हणाले. आपण हे म्हणालो नसतो तर काय झालं असतं, याचा विचार त्यांनी पुढे बरेच दिवस केला.

सुशीलाबाई गेल्या त्या भाग्यश्रीकडे, येरवड्याला. दोन दिवसांत येईल म्हणता आठवडा गेला, दुसराही गेला. लिफ्टमध्ये लोक विचारू लागले, "वहिनी दिसत नाहीत?" दिगंबरराव म्हणायचे, "येरवड्याला आहे." त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती वर्षांची शिक्षा झाली?" आमच्या पुण्यात माणसाला सहानुभूती मिळत नाही असं नाही, पण तिच्याआधी एक शेरा मिळतो.

पंधराव्या दिवशी भाग्यश्रीचा फोन आला. "बाबा, आई रागावलेली नाहीये. तिची एकच अट आहे. तुम्ही तिचं एक बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये तोंड न घालता. फक्त एक. ते जमलं की त्या दिवशी ती..."

"येईल ना? किती वाजता?"

"बघा," भाग्यश्री म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दिगंबररावांना वाटलं, एवढंच ना? त्यात काय अवघड आहे? त्यांनी संध्याकाळी येरवड्याला फोन लावला आणि घड्याळ समोर ठेवलं. सुशीलाबाई शेजारच्या बाईंच्या मांजराबद्दल सांगू लागल्या. चाळिसाव्या सेकंदाला दिगंबरराव म्हणाले, "मांजर कुणाचं ते राहू दे." फोन बंद. दुसऱ्या दिवशी पंचवीस सेकंद. तिसऱ्या दिवशी त्यांनी इतकं ठरवून फोन केला होता, की बाराव्या सेकंदालाच "मी ऐकतोय हां, बोल तू," असं म्हणून बसले.

घर खायला उठलं होतं. सहा दहाला ते स्वतःच चहा करायचे, अगदी ठरल्या मिनिटाला, आणि तो एकट्यानेच प्यायचे. त्यांना ती हवी होती. एवढं साधं वाक्य, पण तेही त्यांना पुरं करता येत नव्हतं.

अशात लिफ्टच्या आरशाखाली एक कागद लागला. 'कुंडलिनी योग. श्वसन आणि ध्यान, नवशिक्यांसाठी. चाळीस दिवस, सकाळी सहा, सोसायटीचा हॉल.' खाली काय काय शिकवणार त्याची यादी होती आणि तिच्यात 'कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे' असं लिहिलं होतं. दिगंबररावांना अध्यात्माशी काही देणंघेणं नव्हतं. देवळात गेले तरी ते आरती वेळेवर सुरू होते की नाही तेवढं बघून यायचे. पण त्या ओळीपाशी त्यांची नजर थांबली. श्वास रोखलेल्या माणसाला बोलता येत नाही. हवा आत बंद, म्हणजे तोंडही बंद. चौतीस वर्षांत कुणाला सुचला नाही असा इलाज आपल्याला लिफ्टमध्ये मिळाला, असं वाटून ते तळमजल्याला उतरायचे ते वर जाऊन पुन्हा खाली आले.

वर्ग घेणारी कल्याणी तिशीची होती. हिंजवडीची नोकरी सोडून श्वासाकडे वळलेली. तिने पहिल्या दिवशी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले.

"बीपी आहे का, काका? असेल तर श्वास रोखायचा नाही."

"मला नाही. माझ्यामुळे दुसऱ्यांना होतं असं ऐकून आहे."

कल्याणीने ते लिहून घेतलं नाही. मग तिने समजावलं, की प्रत्येकाच्या पाठीच्या कण्याच्या तळाशी एक शक्ती साडेतीन वेढे घालून निजलेली असते. तिचं नाव कुंडलिनी. श्वासाने आणि ध्यानाने ती हळूहळू जागी होते आणि मूलाधार चक्रापासून एकेक चक्र चढत डोक्यावरच्या सहस्रारापर्यंत जाते.

"निजली हाय तर निजू द्या की बिचारीला," मागून वेणूबाई म्हणाल्या. "कशापायी उठवताय?"

वेणूबाई मूळ धायरीच्या. सोसायटी उभी होती तिथे पूर्वी त्यांचं भुईमुगाचं शेत होतं. हॉलमध्ये त्या खुर्ची टाकून बसायच्या, कारण त्या गुडघ्यांसाठी आल्या होत्या आणि गुडघे त्यांना खाली बसू देत नव्हते.

दिगंबररावांनी हात वर केला. "मूलाधार ते सहस्रार किती वेळ धरायचा?"

"काका, इट डिपेंड्स. कुणाला महिने लागतात, कुणाला अख्खा जन्म."

"म्हणजे वेळापत्रक नाही."

"नाही."

"मग चालवता कसं?" दिगंबररावांनी खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं.

पहिले आठ दिवस नुसत्या श्वासात गेले. डोळे मिटायचे, पाठ ताठ, श्वास घेताना पोट बाहेर, सोडताना आत. ऐकायला सोपं. नवव्या दिवशी कल्याणी रांगेतून फिरत आली, दिगंबररावांपुढे थांबली आणि त्यांच्या पोटाकडे बघत राहिली.

"काका, तुम्ही उलटं करताय. श्वास घेताना पोट आत ओढताय."

"मी असाच घेतो."

"कधीपासून?"

"जन्मापासून असेल."

"साठ वर्षं उलटा श्वास घेताय, काका."

"आणि तरी एकदाही चुकला नाही," दिगंबरराव म्हणाले. पण घरी गेल्यावर त्यांनी आरशासमोर शर्ट वर करून पोटाची हालचाल तपासली. पोरगी खरं बोलत होती. एवढं जन्माबरोबर आलेलं कामही आपण उलट्या दिशेने करत होतो, म्हटल्यावर त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग अग्निश्वास आला. नाकाने भराभर श्वास सोडायचा आणि पोट भात्यासारखं हलवायचं. वर्गातली चौदा माणसं एकदम फुसफुसू लागली की हॉलबाहेर झोपलेला सोसायटीचा कुत्रा उठून दुसऱ्या इमारतीत जायचा. लोकांना अनुभव येऊ लागले. कुणाच्या कण्यात मुंग्या आल्या, कुणाला भुवयांमध्ये निळा उजेड दिसला. बँकेतल्या एक निवृत्त बाई रोज सांगायच्या की त्यांची कुंडलिनी काल छातीतल्या अनाहत चक्रापर्यंत येऊन गेली, आणि हे त्या बाकीच्यांची अजून खालीच आहे अशा सुरात सांगायच्या. वेणूबाईंना काहीच होत नव्हतं, पण गुडघा बरा होता. दिगंबररावांना उजेडही दिसला नाही आणि मुंग्या फक्त पायाला आल्या. त्यांचं लक्ष कुंभकावर होतं.

त्यात त्यांनी जीव ओतला. पहिल्या दिवशी आठ सेकंद. पंधराव्या दिवशी बावीस, चोविसाव्या दिवशी चौतीस. कल्याणी सांगायची, "जोर नको, काका. गळा आवळू नका, खांदे सैल सोडा. त्रास वाटला की लगेच सोडून द्या. आणि ते घड्याळ काढून ठेवा." दिगंबररावांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि नाडीवर मोजू लागले. एका श्वासाला चौतीस सेकंद, मग चटकन दुसरा श्वास, पुन्हा चौतीस. असे दहा कुंभक सलग जमले की सुशीलाचं कुठलंही बोलणं पार पडेल, असा त्यांचा हिशोब होता.

पण येरवड्याला जाण्याआधी चाचणी घ्यायला हवी होती. ती त्यांनी धायरी फाट्यावर घेतली. तिथे भाजी विकणाऱ्या बायडाबाईंना बोलायला कारण लागत नसे. दिगंबररावांनी मेथीची जुडी उचलली आणि विचारलं, "एवढी महाग का?" हा प्रश्न त्यांनी जन्मात प्रथमच विचारला होता. बायडाबाईंनी टोपली सरकवली आणि सांगू लागल्या, की औंदा पाऊस कसा लांबला, दिराने विहिरीवरची मोटर कशी नेली, ती परत मागायला गेल्यावर जाऊ काय म्हणाली. दिगंबररावांनी छाती भरून श्वास घेतला आणि रोखला. जाऊ काय म्हणाली त्याच्यापर्यंत त्यांचे कान लाल झाले. मोटर परत आली तेव्हा डोळे बाहेर यायच्या बेतात होते.

"अवो काका, डावा हात दुखतोय का?" बायडाबाईंनी विचारलं.

दिगंबररावांनी हाताने नाही नाही केलं. ते बघणाऱ्यांना छातीवर हात फिरवल्यासारखं दिसलं. बायडाबाईंनी त्यांना खसकन ओढून बटाट्याच्या पोत्यावर बसवलं आणि कोथिंबिरीवर शिंपडायचं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. रिक्षावाला धावला, नारळवाला धावला, एक कॉलेजचा मुलगा छाती दाबायला गुडघ्यावर बसला. आता मात्र दिगंबररावांचा श्वास सुटला. "अरे, मी ऐकत होतो," ते म्हणाले. यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. त्यांना रिक्षात घालून घरी पोहोचवण्यात आलं, आणि मेथी राहिली ती राहिलीच.

ही बातमी त्यांच्याआधी सोसायटीत पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर कल्याणीने त्यांना थांबवलं. तिला आधी धोक्याबद्दल रागवायचं होतं, ते ती रागावली. मग तिने विचारलं, "पण का, काका?" आणि काय आश्चर्य, दिगंबररावांनी कारण सांगितलं. पोळीपासून येरवड्यापर्यंत सगळं.

कल्याणी हसली नाही. म्हणाली, "श्वास रोखून ऐकता येत नाही, काका. तुम्ही आत दार लावून बसता आणि आपला नंबर कधी येतो त्याची वाट बघता. ते ऐकणं नाही."

"मग ऐकणं म्हणजे काय?"

"ते मला श्वासाइतकं नीट शिकवता येत नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा आईचा फोन स्पीकरवर टाकून ईमेल बघते."

वेणूबाई अजून खुर्चीतच होत्या. त्या म्हणाल्या, "आमचं म्हातारं बी असंच व्हतं. मी बोलाय लागले की बैलाला पाणी दावाय जायचं. बैल इकून पंधरा वरसं झाली तरी जायचं."

दिगंबरराव त्या दिवशी सुन्न होऊन घरी आले. सगळा खटाटोप पालथ्या घड्यावर पाणी ठरला होता. तरी एक गोष्ट त्यांच्या मनात राहिली होती. बायडाबाईंची जाऊ शेवटी नेमकं काय म्हणाली, हे त्यांना आठवत नव्हतं. शब्द कानात गेले होते, पण त्या वेळी ते आकडे मोजत होते.

दुपारी त्यांच्याकडे ज्ञानदेव आला. ज्ञानदेव डेपोतला जुना ड्रायव्हर, राहायला धायरी गावात. पोत्यावर पडल्याची बातमी त्यालाही कळली होती, म्हणून तो मोसंबी घेऊन आला होता. दिगंबररावांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. आणि बोलता बोलता त्यांना बारा वर्षांपूर्वीची एक नोंद आठवली. त्यांना नोंदी आठवायच्या, माणसं नाही.

"ज्ञानदेव, एकदा मार्चात तुझी सकाळची धायरीची गाडी बावीस मिनिटं लेट आली होती. कारण काय होतं?"

ज्ञानदेव पुढे सरकून बसला. "का वो साहेब? पेन्शन अडकली का काय माझी?"

"नाही रे. सांग तू. मला वेळ आहे."

हे दिगंबररावांच्या तोंडून ऐकल्यावर ज्ञानदेवने आधी मोसंबीकडे आणि मग त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग तो सांगू लागला. वडगावला एक पोरगी चढली होती, दहावीची परीक्षा द्यायला निघालेली. दोन थांबे गेल्यावर तिने दप्तर उघडलं तर हॉल तिकीट नाही. पोरगी रडायला लागली. कंडक्टर म्हणाला, गाडी उभी करा. "मी म्हनलो, साहेब वहीत मारतील. तर मागनं एक आजी म्हनली, तुझ्या साहेबाला इचार, पोरगी नापास झाली तर तो पोसनार हाय का?" शेवटी एका पोराची मोटारसायकल थांबवून तिला घरी धाडलं आणि ती येईपर्यंत गाडी बाजूला लावली. गाडीत साठ-पासष्ट माणसं होती. एकानेही कुरकुर केली नाही. "पुन्यात, साहेब. मी सोता बघितलं." ती पोरगी हॉल तिकीट घेऊन परत आली तेव्हा अख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या. आणि गेल्या वर्षी ज्ञानदेवचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीच पोरगी तिथे सिस्टर होती. तिनेच त्याला ओळखलं.

दिगंबररावांनी दोनदा श्वास भरला होता, पण दोन्ही वेळा तो कधी सुटला ते त्यांना समजलं नाही. ते म्हणाले, "अरे, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगत व्हतो की. तुमी म्हनला, कारण नको, वेळ सांग. मी म्हनलो, दहा बारा."

त्यांना ती ओळ डोळ्यांपुढे दिसली. स्वतःचं सुवाच्य अक्षर. दहा बारा, उशीर बावीस मिनिटं, आणि कारणाच्या रकान्यात 'कारण नाही'. तेहतीस वर्षांत असे किती रकाने त्यांनी भरले होते?

ज्ञानदेव गेला. दिगंबरराव तिथेच बसून राहिले, आणि त्यांना दुसरी एक वेळ आठवली. ती वहीत नव्हती. अठरा वर्षांपूर्वी डेपोच्या खिडकीतला फोन वाजला होता. पलीकडे सुशीला होती, तिच्या माहेरून, पद्मावतीहून. तिची आई तिथे आजारी होती. सुशीला म्हणाली, "अहो, आईला आज सकाळपासून..." खिडकीसमोर चार ड्रायव्हर उभे होते. दिगंबररावांना वाटलं, घरी लवकर या म्हणत असेल. ते म्हणाले, "कारण नको, वेळ सांग."

सुशीलाने ते वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाली, "सव्वा अकरा." आणि तिने फोन ठेवला होता.

ती सासूबाई गेल्याची वेळ होती. हे त्यांना अर्ध्या तासाने शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं. ते लगेच गेले, सगळं केलं, दहा दिवस रजा काढली. पण सकाळपासून आईला काय, ते त्यांनी कधी विचारलं नाही. सुशीलानेही पुन्हा कधी ते वाक्य सुरू केलं नाही. दिगंबररावांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मोसंबीची पिशवी उचलून उगाचच स्वयंपाकघरात नेली आणि परत आणली.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा तिसावा दिवस होता. कल्याणीने बजावलं होतं की चाळीस दिवसांत एक जरी चुकला तरी पुन्हा एकपासून सुरुवात. दिगंबररावांनी पहाटे आंघोळ केली, हॉलवरून पुढे गेले आणि स्वारगेटची बस धरली. तिथून येरवड्याची.

दार सुशीलाबाईंनीच उघडलं. भाग्यश्री आणि तेजस कामावर गेले होते. सुशीलाबाईंनी पाणी दिलं आणि समोर बसून मेथी निवडू लागल्या. "बटाट्याच्या पोत्यावर पडलात म्हणे," त्या म्हणाल्या. पुण्याच्या दोन टोकांना राहिलं तरी काही उपयोग नसतो.

दिगंबररावांनी ते तसंच जाऊ दिलं. म्हणाले, "सुशीला, तुझ्या आईला त्या दिवशी सकाळपासून काय होत होतं?"

सुशीलाबाईंचा हात थांबला. कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही. दिगंबररावांनी सवयीने छाती भरून श्वास घेतला आणि खांदे वर केले.

"तो सोडा आधी," सुशीलाबाई म्हणाल्या. "एवढ्यात संपणार नाही."

त्यांनी श्वास सोडला. सुशीलाबाई सांगू लागल्या, आणि सांगायची त्यांची पद्धत होती तीच होती. आधी समोरच्या बाईंनी दिलेल्या तांदळाच्या पेजेची हकिकत आली, मग साताऱ्याच्या मावशीचं पत्र, मग आईने त्या सकाळी मधुमेह असून चहात तीन चमचे साखर मागितली ती, आणि दिली नाही म्हणून सुशीलाबाईंना अठरा वर्षं लागून राहिलेली रुखरुख. दिगंबररावांना तीन ठिकाणी जवळचा रस्ता दिसला. ते कुठल्याच रस्त्याने गेले नाहीत.

"तिचा पलंग खिडकीशी होता," सुशीलाबाई म्हणाल्या. "खाली सातारा रस्ता. तिला वाटायचं, पुण्यातल्या सगळ्या बस तुम्हीच चालवता. मी किती वेळा सांगितलं, अगं ते खिडकीत बसून वेळ लिहितात. तिला पटायचं नाही. एवढा शिकलेला जावई नुसता बसून कसा राहील? मग प्रत्येक बस गेली की ती हात वर करायची. म्हणायची, जावईबापू गेले. दिवसातनं साठ वेळा. शेवटी शेवटी हात उचलत नव्हता तर बोटं हलवायची. त्या दिवशी सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. जेवण नको, औषध नको, नुसतं बसच्या आवाजाकडे कान. सव्वा अकराला कात्रजची गाडी गेली. तिने हात पार वर केला, चांगला डोक्यापर्यंत. मला वाटलं, बरं वाटतंय हिला. म्हणाली, आज वेळेवर आहेत हो. आणि मग तो हात खाली आला."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. दिगंबररावांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"हे सांगायला फोन केला होता," सुशीलाबाई म्हणाल्या. "ती गेली ते नंतर सांगणार होते. आधी हे सांगायचं होतं."

त्या थांबल्या. पुढे काही आहे की बोलणं संपलं, ते दिगंबररावांना कळेना. त्यांनी विचारलं नाही. किती वाजलेत तेही पाहिलं नाही. ते नुसते बसून राहिले, आणि सुशीलाबाईंनी उरलेली जुडी निवडून, देठ वेगळे करून, कागद गुंडाळेपर्यंत खोलीत कुणीच बोललं नाही.

मग सुशीलाबाई उठल्या, आणि आत जाता जाता म्हणाल्या, "दूध हल्ली अर्धाच लिटर घेत असाल ना?"

दिगंबररावांनी मान हलवली.

"फोन करून सांगा दूधवाल्याला. उद्यापासून एक लिटर."